डावीकडे चाललेली माणसं

कोरा कागद समोर आला की मावशी आधी त्याच्यावर उजवा तळहात टेकवायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मिनिट जायचं, दोन जायची, कधी पाचसुद्धा. रंगात बुडवायची बांबूची काडी डाव्या हातात तशीच धरलेली असायची. मी माझ्या खुर्चीतून म्हणायचो, "मावशी, करा की सुरू." त्या वर न बघता म्हणायच्या, "घाई कोणाला हाय?"

घाई मला होती. ती मला कायमच असते. नाशकात पेठ नाक्याजवळ एका गाळ्यात मी डीटीपीचं काम करतो. म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर आणि चित्रं जुळवून पानं तयार करायची आणि छापखान्याला पाठवायची. लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची कार्डं, द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं, निवडणूक आली की हँडबिलं. माझ्या हातून जितकी लग्नं लागली तितकी एखाद्या भटजीच्या हातूनही लागली नसतील. यातलं प्रत्येक काम अर्जंट असतं. इतक्या वर्षांत 'सावकाश होऊ द्या' म्हणणारं माणूस मला एकच भेटलं.

त्यांना माझ्याकडे एका संस्थेच्या मॅडम घेऊन आल्या. संस्थेनं डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी चित्रकारांची कार्यशाळा घेतली होती. इंग्रजांच्या काळात आपापल्या पाड्यावर काय घडलं, ते ज्यानं त्यानं कॉमिकसारखं चौकटी करून काढायचं, अशी कल्पना. त्यातल्या मावशींच्या गोष्टीचं पहिलं पुस्तक करायचं ठरलं. चित्रं त्यांनी काढायची, मी ती स्कॅन करून पानं लावायची. संस्थेचं ऑफिस चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. माझा गाळा तळमजल्याला आणि समोरच पेठहून येणाऱ्या एसटीचा थांबा. मावशी एकदा तिकडे जिना चढून गेल्या, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मी या भाऊच्या फरशीवर बसते." तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस त्या सकाळच्या गाडीनं यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या.

खुर्ची दिली तर तिच्यावर पिशवी ठेवायच्या. स्वतः फरशीवर. साठीच्या पुढचं वय, काटक बांधा, लुगडं गुडघ्यापर्यंत, कपाळ मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

त्या मोकळ्या कपाळाचा या सगळ्याशी संबंध होता, हे मला नंतर कळलं. वारल्यांकडे लग्नात भिंतीवर देवीचा चौक लिहितात. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. मावशींचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. लांबलांबच्या पाड्यांवरून बोलावणी यायची. नवरा गेला आणि बोलावणी थांबली. "कोणी नको म्हटलं नाय," त्या म्हणाल्या. "पण बोलावलंही नाय. मग हाताला सुचेना. देवाचं काढायचं बंद झालं, मग साहेबाचं काढाय लागले." आणि स्वतःच हसल्या. दोन दात पडलेले होते, त्या फटीतून हसू निसटायचं.

ती साहेबाची गोष्ट तुम्हालाही सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मावशींच्या पणज्याच्या काळात त्यांच्या डोंगरावर एक गोरा साहेब सागाची मोजणी करायला आला. तंबू ठोकून राहिला. त्याला अंघोळीला टब लागायचा. लोखंडी, जाडजूड, खाली चार पाय असलेला. तो घाटाखाली येऊन पडला. वर आणायला पाड्यावरची आठ माणसं वेठीला धरली. वेठ म्हणजे फुकट राबायचं, नाही म्हणायची सोय नाही. दिवस वैशाखाचे. दोन दिवस त्यांनी तो टब खांद्यावरून चढवला. साहेब घोड्यावर पुढे. तिसऱ्या दिवशी अर्ध्या घाटात त्यांनी टब खाली ठेवला, एकमेकांकडे बघितलं आणि पळाले. आठही जण. पलीकडे डांगाच्या जंगलात. मागे त्यांची बैलं जप्त झाली, भाताच्या कणग्या उपसल्या. चार पावसाळे ते जंगलात राहिले. मग तो साहेब बदलला, नवा आला, आणि हे एकेक करून घरी परतले. टब तिथेच उलथा पडलेला होता. पाड्यानं तो ओढून आणला आणि विहिरीजवळ ठेवला. आजही गुरं त्यात पाणी पितात.

एवढीच गोष्ट. कुठल्या कागदावर नाही. मावशींना आजीनं सांगितली, आजीला तिच्या सासूनं.

कॉमिकचा त्यांनी आपल्या पद्धतीनं समाचार घेतला होता. कार्यशाळेत त्यांना शिकवलं होतं की माणूस बोलतो तेव्हा तोंडातून फुगा काढायचा. "हे काय, वाफ हाय?" त्यांनी विचारलं होतं म्हणे. मग पटलं. पण फुग्यात अक्षरं घालायची त्यांची तयारी नव्हती, कारण अक्षर येत नव्हतं. त्यांच्या माणसांच्या फुग्यात भाकरी होती, घरचं झाड होतं, एकाच्या फुग्यात नुसती बायको होती. साहेबाच्या फुग्यात मात्र सगळीकडे वाकड्यातिकड्या रेघोट्या.

"मावशी, साहेब इथं काय म्हणतोय? मजकूर टाकायचाय," मी विचारलं.

"मला काय ठाव?"

"काहीतरी म्हणाला असेल ना. 'चला, उचला', असं?"

"भाऊ, तो काय बोलला ते त्या आठांना समजलं नाय. मंग मला कसं समजंल? समजलं म्हणून लबाडी कशाला करू? रेघोट्याच ऱ्हाऊ द्या."

राहू दिल्या. चित्रांखाली मॅडमनी लिहिलेल्या साध्या दोन-दोन ओळी टाकल्या आणि फुगे तसेच ठेवले. साहेबाला ओळखायची त्यांची खूणही मजेची होती. वारली चित्रात माणसाचं अंग दोन त्रिकोणांचं. साहेबाला त्यांनी तिसरा दिला, टोपीचा. "आमचा माणूस दोनात भागतो," त्या म्हणाल्या. "त्याला तीन लागले."

आमचं तसं छान जमलं होतं. दुपारी त्या पिशवीतून नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढायच्या, माझ्या डब्यातल्या भाजीत बोट बुडवून चव घ्यायच्या आणि "तेल लय हाय" असा शेरा मारायच्या. माझी पाठ दुखायला लागली की मी खुर्चीत उठून-बसून करायचो. त्या ते बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, "हे डबडं तुमच्या मानेवर बसलंय." कॉम्प्युटरला त्या डबडंच म्हणायच्या.

एकदा आम्ही पुलाखालच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. नाशकात हल्ली पुलाच्या खांबावर, शाळेच्या कुंपणावर, मुतारीच्या भिंतीवर, सगळीकडे वारली चित्रं असतात. तुम्हीही पाहिली असतील. ठेकेदाराची माणसं पत्र्याचा ठसा ठेवतात, पांढरा रंग फिरवतात आणि पुढे जातात. त्या भिंतीवर तारप्याचा नाच होता. पायांशी पानाच्या पिचकाऱ्या. मावशी बशीतला चहा विसरून बघत राहिल्या.

"हे कुठं निघालेत?" त्यांनी विचारलं.

"नाचतायत, मावशी."

"अर्धे नाचतायत," त्या म्हणाल्या.

मी हसलो. म्हातारीनं ठेकेदाराला चांगला टोला हाणला, असं मला वाटलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मॅडम मनानं चांगल्या होत्या, पण एका गोष्टीवर अडल्या. त्यांना शेवट पटत नव्हता. माझ्याच गाळ्यात त्या दोघींची बोलणी झाली.

"मावशी, नुसते पळाले म्हटलं तर वाचणाऱ्याला काय वाटेल? साहेबानं गोळ्या घातल्या असं दाखवू या का? तसं कितीतरी ठिकाणी घडलंच आहे. लोकांच्या मनाला लागेल."

"घातल्या नायत."

"पण घडू शकलं असतं ना?"

मावशींनी काडी खाली ठेवली. "ताई, ते पळाले. माझा पणजा होता त्यांच्यात. परत आला, मंग त्याला पोरगा झाला. तो माझा आजा. पणजा घाटात मेला असंल तर इथं फरशीवर कोण बसलंय?"

मग मावशी जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांना आमची माणसा मेलेलीच आवडतात. मेली म्हणजे हार घालता येतो. ही जगली. एवढंच सांगायचंय मला. दुसरं काय बी नाय."

मी मावशींची बाजू घेतली. मॅडमना म्हटलं, गोष्ट त्यांची आहे, शेवटही त्यांचाच राहू द्या. मॅडमनी ऐकलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. घरी जाऊन बायकोला हे दोनदा सांगितलं.

चित्रं पुरी झाली तेव्हा आषाढ लागला होता. नागलीची लावणी करायला मावशी पाड्यावर गेल्या. त्यांच्याकडे पाऊस धरला की फोनला रेंज नसते. "पानं लावली की मला दाखवा," जाताना सांगून गेल्या. मी हो म्हटलं. पुढच्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला की प्रकाशनाला हॉल मिळालाय, पाहुणे ठरलेत, छापायला लगेच द्या.

पानं लावताना मला एक गोष्ट खटकली. मावशींची ती आठ माणसं सबंध पुस्तकभर उजवीकडून डावीकडे चालत होती. घाट चढताना डावीकडे, पळताना डावीकडे, परत येतानाही डावीकडेच. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून चित्रातली चाल उजवीकडे हवी. हँडबिलावरची बैलजोडी आम्ही उजवीकडे तोंड करून लावतो. ट्रॅक्टरही तसाच. डावीकडे तोंड केलं की मागे चालल्यासारखा दिसतो. मला वाटलं, म्हातारीला चौकटींची सवय नाही, चुकून उलटं काढलं. कॉम्प्युटरला चित्र उलटवायचं एक बटण असतं. मी सगळ्या चौकटी निवडल्या आणि ते दाबलं.

दाबल्यावर माणसांच्या उजव्या हातातले कोयते डाव्या हातात गेले. ते माझ्या लक्षात आलं. खोटं कशाला सांगू, आलं. मी मनाशी म्हटलं, असतील डावखुरे. आणि फाईल छापखान्याला पाठवून दिली.

प्रकाशनाला हॉल बऱ्यापैकी भरला होता. मावशी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. बरोबर सून होती. व्यासपीठावर खुर्चीवर बसावंच लागलं, तर त्या अगदी कडेला टेकल्या. पाहुण्यांनी फीत सोडली, पुस्तकाची प्रत मावशींच्या हातात दिली. मी तिसऱ्या रांगेत बसून त्यांचा चेहरा बघत होतो. मला शाबासकी हवी होती.

त्यांनी पहिलं पान उघडलं. तळहात टेकवला. दुसरं उघडलं. मग भराभर उलटत गेल्या. त्यांना भराभर काही करताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. शेवटच्या पानावर त्या थांबल्या, पुस्तक मिटलं, आणि समोर माणसं बसलीत हे विसरल्यासारख्या बघत राहिल्या. मॅडमनी त्यांच्यापुढे माईक धरला. "मावशी, दोन शब्द बोला."

मावशी म्हणाल्या, "ती माणसा मेलेली नायत."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे तर उभे राहिले. नंतरच्या भाषणात त्यांनी या वाक्याचा तीनदा उल्लेख केला, अशी माणसं कधी मरत नसतात वगैरे. मावशी टाळ्या थांबायची वाट बघत होत्या. थांबल्यावर त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. "मेलेली नायत ती." पुन्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला त्या गाळ्यावर आल्या. नाशकात कुणाकडे तरी मुक्काम होता, पण थांब्यावरून आल्यासारख्याच आल्या, पिशवी खुर्चीवर, आपण फरशीवर. रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊ, तुमी कोणती कळ दाबली?"

मला तेव्हाही उमगलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पाड्यावर तारप्याचा नाच सुरू झाला की रिंगण डावीकडे सरकतं. लग्नात, पेरणीत, देवाला जाताना, जिवंत माणूस डावीकडे फिरतो. उजवीकडे फिरायचं ते एकदाच, मयत नेताना. म्हणून चित्रातही डावीकडे चालतो तो जिवंत. उजवीकडे चालतो तो गेलेला. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

"पाड्यावर पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर आठी मेलेले," त्या म्हणाल्या. "टब उचलायच्या आधीच. मंग पळतंय कोण? माझ्या सुनेनं बघितलं नि पदर तोंडाला लावला."

पुलाखालच्या भिंतीवरचे अर्धे नाचणारे मला तेव्हा आठवले. उरलेल्या अर्ध्यांचा ठसा पालथा पडला होता, ते उजवीकडे चालले होते.

त्यांनी ती कळ बघायला मागितली. मी फाईल उघडून दाखवली. एकदा दाबलं, माणसं डावीकडे वळली. "जगली," मावशी म्हणाल्या. "परत दाबा." उजवीकडे वळली. "मेली." असं त्यांनी मला चार-पाच वेळा करायला लावलं. पडद्यावर आठ माणसं जगत होती, मरत होती. शेवटी म्हणाल्या, "लय सोपं हाय की. साहेबाला नाय जमलं हे."

मी म्हटलं, "मावशी, चूक झाली. दुसरी आवृत्ती काढू तेव्हा सरळ करतो. शब्द देतो."

"कराल," त्या म्हणाल्या. "घाई कोणाला हाय."

उठून त्या कोपऱ्यातल्या बेसिनला हात धुवायला गेल्या. तिथे भिंतीवर माझा दाढीचा आरसा टांगलेला असायचा, तळहातापेक्षा थोडा मोठा. हात पुसता पुसता त्या थांबल्या. पिशवीतून पुस्तक काढलं, उघडून आरशासमोर धरलं आणि मला हाक मारली.

आरशात आठही माणसं डावीकडे चालली होती. कोयते उजव्या हातात.

"पण मावशी, अक्षरं उलटी झाली की," मी म्हटलं.

"अक्षरं तुमची," त्या म्हणाल्या. "माणसा आमची."

आरसा मी काढून दिला. त्यांनी तो लुगड्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि दुपारच्याच गाडीनं गेल्या. बेसिनवर चौकोनी डाग राहिला. मी नवा आरसा आणला नाही, घरूनच दाढी करून येऊ लागलो.

दुसऱ्या आवृत्तीचं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या आवृत्त्या निघत नसतात. पुस्तकं आश्रमशाळांना वाटली गेली, मॅडम दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कामावर गेल्या. मावशी अधूनमधून नाशकात आल्या की गाळ्यात डोकवायच्या. "निघालं का?" "नाही अजून." "बरं." तळहातानं कॉम्प्युटर थोपटायच्या, पाणी प्यायच्या आणि जायच्या. ती फाईल सरळ करायला एक बटण लागत होतं. घरच्या प्रिंटरवर एक प्रत काढून द्यायला तासभर. मी ती काढली नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. लग्नसराई असायची. पाठ दुखायची. आणि खरं सांगायचं तर त्या कधी रागावल्या नाहीत, म्हणून जमून गेलं. जे ओरडतात त्यांची कामं आधी होतात, हा आमच्या धंद्यातला दुसरा नियम.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी सुनेचा फोन आला. "कॉम्प्युटरवाले भाऊ ना? आई गेल्या. ताप आला होता. बारावं झालं काल. तुमचा नंबर आज सापडला."

फोन ठेवला आणि मी ते बटण दाबलं. आठही माणसं डावीकडे वळली. सगळी पानं प्रिंटरवर काढली, जाड कागदावर. त्या दिवशी एका लग्नाच्या पत्रिका द्यायच्या होत्या. त्या नाही दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पेठला गेलो, तिथून जीपनं, आणि पुढे दीड तास पायी. चित्रं चालू होती तोवर त्या आठवड्यातून दोनदा हा रस्ता करत होत्या, हे मी चालायला लागल्यावर माझ्या डोक्यात आलं.

पाड्याच्या विहिरीजवळ टब होता. गंजून तांबडा झालेला, चारपैकी एक पाय मोडून त्याजागी दगड. टबाच्या काठाला टेकवून माझा आरसा उभा केलेला होता. काच एका कोपऱ्यात तडकलेली. समोर सून बसली होती, उघडं पुस्तक आरशासमोर धरून. भोवती दोन म्हाताऱ्या आणि चार-पाच बायका. मावशींची गोष्ट आता ती सांगत होती. सगळ्यांच्या नजरा आरशात, पुस्तकाकडे कुणाचीच नाही.

मी पानं सुनेच्या हातात दिली. "सरळ करून आणलीत," मी म्हटलं.

तिनं सवयीनं पहिलं पान आरशासमोर धरलं. म्हाताऱ्या पुढे वाकल्या. एकजण लगेच ओरडली, "अगो, मेली ना ही!"

सुनेनं एकदा आरशात बघितलं, एकदा हातातल्या कागदाकडे. मग तिला समजलं. "हे बिनाआरशाचं हाय, होय?" तिनं आरसा उचलला आणि गवतात पालथा ठेवला. "बरं झालं. तडकलाच होता." कागद सगळ्यांकडे वळवून धरला. म्हाताऱ्यांनी बघितलं आणि समाधानानं मागे सरल्या. एक बैल मधूनच आला, टबात तोंड घालून पाणी प्यायला लागला. त्याला कुणी हाकललं नाही.

ज्यांच्यासाठी आणलं होतं त्या मात्र नव्हत्या. मला रडू येत होतं आणि अनोळखी बायकांसमोर रडायची लाजही वाटत होती, म्हणून मी बुटाची नाडी सोडून परत बांधली.

निघताना सून म्हणाली, "घरात चला. भिंत बघून जा. आईंनी शेवटची काढलेली." शेणानं सारवलेली, गेरू दिलेली भिंत. तिच्यावर घाट. घाटावर ती आठ माणसं, टब घेऊन, डावीकडे. आणि त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, नववा. इतरांसारखाच दोन त्रिकोणांचा. पाठीत वाकलेला. डोक्यावर चौकोनी डबडं.

"हा कोण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तुमी," सून म्हणाली. "आई म्हणायच्या, भाऊपण वेठीलाच हाय. त्याला मागं ठेवला तर एकटा उलटा जायचा."

मी त्या नवव्या माणसाजवळ गेलो. त्याचे पाय डावीकडे होते. आठांनी टब कुठे ठेवला ते सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. याचं पुढे काही काढलेलं नव्हतं. भिंत तिथेच संपत होती.

"हा डोक्यावरचं खाली कधी ठेवतो, ते काही म्हणाल्या का?" मी विचारलं.

"मीपण विचारलं होतं," सून म्हणाली. "आई म्हणाल्या, ठेवील. घाई कोणाला हाय."